साक्षीला कोणी उरले नाही

जॉन कार्पेंटर यांचा 'द थिंग' हा चित्रपट २५ जून १९८२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. मी तो यंदाच्या उन्हाळ्यात प्रथम पाहिला. मधल्या चाळीसहून अधिक वर्षांत त्याच्याबद्दल इतके वाचले-ऐकले होते की तो न पाहताच पाहिल्यासारखा झाला होता. डॉक्टरचे हात गिळणारी उघडी छाती, कोळ्याचे पाय फुटलेले मुंडके, आतून बाहेर उलटलेला कुत्रा ही सारी दृश्ये स्थिरचित्रांतून परिचयाची होती. भयपटांचे रसिक त्यांचा उल्लेख एखाद्या क्षेत्रातल्या देवतांची नावे घ्यावीत तसा करतात. त्यामुळे किळस सोसायची तयारी करूनच मी बसलो. ती आली, आणि अपेक्षित पाहुण्यासारखी येऊन गेली. चित्रपट संपल्यावर मात्र माझ्या डोक्यात राहिला तो पहिल्या सहा-सात मिनिटांत मरणारा एक माणूस. त्याला चित्रपटात नावही धड मिळत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की 'द थिंग' हा राक्षसापेक्षा साक्षीविषयीचा चित्रपट आहे. 'मी हे पाहिले' आणि 'मी मीच आहे' या दोन विधानांना दुसऱ्या माणसाच्या लेखी किंमत कशामुळे येते, आणि ती किंमत संपली की एका छपराखालची माणसे एकमेकांशी कशी वागतात, हा त्याचा विषय आहे. यापुढे कथानक उघड करूनच लिहावे लागणार आहे. ज्यांना ते आधी कळायला नको असेल त्यांनी अंक बाजूला ठेवून चित्रपट पाहावा. १०९ मिनिटांचा आहे.

आरंभी पडद्यावर स्थळकाळ येतो : अंटार्क्टिका, हिवाळा १९८२. पांढऱ्याशुभ्र बर्फावरून एक कुत्रा पळतो आहे आणि वरून एक हेलिकॉप्टर त्याचा पाठलाग करते आहे. त्यातला माणूस बंदुकीने त्याला टिपायचा प्रयत्न करतो आणि त्याचा नेम सारखा चुकतो. कुत्रा अमेरिकनांच्या संशोधन केंद्रावर पोहोचतो, तिथल्या माणसांच्या अंगावर पाय टाकून उभा राहतो. हेलिकॉप्टर उतरते. आलेल्या दोघांपैकी एकाच्या हातातून हातबॉम्ब निसटतो आणि तो हेलिकॉप्टरसकट उडतो. दुसरा बंदूक घेऊन ओरडत पुढे येतो, कुत्र्यावर गोळ्या झाडतो, त्यातली एक एका अमेरिकनाच्या पायाला लागते. खिडकीतून केंद्रप्रमुख गॅरी पिस्तूल रोखतो आणि त्याला ठार करतो.

तो माणूस नॉर्वेजियन बोलतो आहे. मी पाहिलेल्या प्रतीत खालच्या ओळीत तो परकीय भाषेत ओरडतो आहे एवढीच सूचना होती. कार्पेंटर यांनी त्याच्या बोलण्याचा अनुवाद दिलेला नाही. पण तो अर्थहीन ओरडा नव्हे. तो सांगतो आहे की यापासून दूर व्हा, हा कुत्रा नाही, हे कुत्र्याचे सोंग आहे. म्हणजे चित्रपटाचे सगळे रहस्य पहिल्याच प्रसंगात स्वच्छ शब्दांत आणि मोठ्या आवाजात सांगून झालेले असते. नॉर्वेच्या चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकाला ते तिथेच कळले असणार. बाकी जगाला आणि पडद्यावरच्या बारा अमेरिकनांना तो एक वेडा झालेला परदेशी दिसला. शिवाय कुत्रा गोड होता. माणसापेक्षा कुत्र्यावर विश्वास बसला, कारण कुत्र्याला भाषा लागत नाही.

यावर पटकथाकार बिल लँकेस्टर यांनी आणखी एक बारीक टाका घातला आहे. वैमानिक मॅक्रेडी, म्हणजे कर्ट रसेल, या लोकांना स्वीडिश म्हणत राहतो. डॉक्टर कॉपर त्याला दुरुस्त करतो की ते नॉर्वेचे आहेत, तरी त्याच्या तोंडी स्वीडिशच बसलेले. प्रेक्षागृहात यावर हसू येत असणार; मलाही आले. पण ज्याला शेजारच्या तळावरच्या माणसांचा देशही लक्षात ठेवावासा वाटत नाही, त्याच्याच गळ्यात पुढे खरा कोण आणि खोटा कोण हे ठरवण्याचे काम पडते.

इथे एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम गोव्याहून ६ डिसेंबर १९८१ रोजी निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या खंडावर उतरली. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालची एकवीस जणांची ही तुकडी ज्या जहाजातून गेली ते 'पोलर सर्कल' भाड्याने घेतलेले नॉर्वेजियन जहाज होते. म्हणजे चित्रपटातला हिवाळा सुरू होण्याच्या काही महिने आधी आपली माणसे नॉर्वेच्या खलाशांबरोबर त्याच बर्फावर उतरून परतली होती. याचा चित्रपटाशी काही संबंध नाही. पण तेव्हापासून तो पहिला प्रसंग मला फक्त अमेरिकनांच्या खिडकीतून पाहता येत नाही.

मूळ कथा जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांची. 'हू गोज देअर?' ही त्यांची दीर्घकथा ऑगस्ट १९३८मध्ये 'अस्टाउंडिंग सायन्स-फिक्शन' या मासिकात डॉन ए. स्टुअर्ट या टोपणनावाने आली. मासिकाचे संपादक तेव्हा कॅम्पबेल स्वतःच होते. कथेच्या उगमाविषयी असे सांगितले जाते की त्यांच्या आईला हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी जुळी बहीण होती आणि तिला हा मुलगा आवडत नसे. शाळेतून धावत येऊन आईला काही सांगायला जावे आणि समोर मावशी निघावी, हा अनुभव लहानपणी वारंवार आलेल्या मुलाने पुढे ही कथा लिहिली. मला ही हकिकत पटते, कारण कथेतली भीती त्याच जातीची आहे. 'आई' म्हणून हाक मारल्यावर समोरच्या चेहऱ्यावर काय उमटेल याची ती भीती आहे.

कॅम्पबेल यांच्या तळावर सदतीस माणसे आहेत. आकाशातून आलेला, हिमयुगांपासून गोठून पडलेला जीव वितळून जिवंत होतो आणि ज्याला खातो त्याची तंतोतंत प्रतिकृती बनतो. रक्तात तापवलेली तार बुडवून ओळख पटवण्याची युक्तीही कथेतलीच. पण कॅम्पबेल हे विज्ञानावर श्रद्धा असलेले लेखक. त्यांच्याकडे चाचणी लागू पडते, खोटी माणसे वेचून मारली जातात आणि जग थोडक्यात वाचते.

या कथेवर पहिला चित्रपट १९५१ साली निघाला, 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड'. दिग्दर्शक ख्रिश्चन नायबी, निर्माता हॉवर्ड हॉक्स. त्यांनी दक्षिण ध्रुवाचा उत्तर ध्रुव केला आणि कथेचा प्राणच काढून टाकला. त्यांचा राक्षस कोणाची नक्कल करत नाही. तो एक उंच, वनस्पतिजन्य, रक्त पिणारा प्राणी आहे आणि दारात उभा राहिला की राक्षस म्हणूनच ओळखू येतो. माणसे विनोद करत, चहा-कॉफी पीत, एकदिलाने त्याला विजेच्या झटक्याने मारतात. शेवटी एक वार्ताहर ध्वनिक्षेपकासमोर बसून सगळ्या जगाला हकिकत सांगतो आणि आकाशावर नजर ठेवा असे बजावतो. चित्रपट चांगला आहे, वेगवान आहे. कार्पेंटर यांचा तो लाडका. आपल्या 'हॅलोविन'मध्ये त्यांनी मुलांना दूरचित्रवाणीवर तोच बघत बसवले आहे.

पण दोन्ही चित्रपटांतला रेडिओ शेजारी ठेवून पाहावा. १९५१च्या तळावर साक्षीदार आहे, त्याचे यंत्र चालू आहे आणि ऐकणारे जग विश्वास ठेवायला तयार आहे. १९८२च्या तळावर रेडिओवरच्या विंडोज नावाच्या पोराला आठवडेच्या आठवडे कोणाशीच संपर्क साधता आलेला नाही, आणि पुढे तो रेडिओ त्यांच्यातलाच एक जण कुऱ्हाडीने फोडतो. फोडणारा ब्लेअर हा जीवशास्त्रज्ञ. संगणकाने त्याला उत्तर दिलेले असते की हा जीव वस्तीत पोहोचला तर पहिल्या संपर्कापासून २७,००० तासांत सगळी मानवजात बाधित होईल. २७,००० तास म्हणजे तीन वर्षांहून थोडे अधिक. ब्लेअर जगाला वाचवायला जगाशी बोलण्याचे साधन मोडतो. त्याच्या जागी विचारी माणसाने दुसरे काय केले असते, हे मला सांगता येणार नाही.

या जीवाला मराठीत काय म्हणावे, यावर मी बराच अडलो. शीर्षकातला शब्द मुद्दाम मोघम आहे : वस्तू, चीज, 'ते'. आपल्याकडे जवळचे शब्द बरेच आहेत, पण एकही नेमका बसत नाही. 'झपाटणे' म्हणावे तर झपाटलेल्यात मूळ माणूस आत कुठेतरी शिल्लक असतो. नारायण धारपांच्या कथांत समर्थ येऊन ज्याला सोडवतो, तो सोडवण्यासाठी असतो म्हणून सोडवता येतो. अंगात आलेले उतरते. इथे उतरण्यासारखे काही राहत नाही. गिळलेला माणूस गेला, उरली ती त्याची प्रत. 'सोंग' म्हणावे तर बहुरूप्याचे सोंग प्रेक्षकाने ओळखण्यासाठीच असते, नाहीतर त्याला सुपलीभर धान्य कोण देणार? राहिला 'तोतया'. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक जण उभा राहिला, मोठे बंड झाले आणि १७७६मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकामुळे तो आपल्या परिचयाचा आहे. पण तोतयाला स्वतःला पक्के ठाऊक असते की आपण भाऊ नाही. त्याला पकडायचे ते भाऊंच्या आठवणी विचारून, भाऊंना ओळखणाऱ्यांसमोर उभे करून. 'द थिंग'मधला तोतया आठवणींच्या परीक्षेत नापास होत नाही, आणि त्याला तरी आपण तोतया आहोत हे ठाऊक असते का, हा प्रश्न चित्रपट उघडा ठेवतो.

नॉरिस या भूगर्भशास्त्रज्ञाचे उदाहरण घेऊ. गॅरीवर संशय येतो तेव्हा तळाचे प्रमुखपद नॉरिसला देऊ केले जाते. तो नकार देतो, आपल्याला झेपणार नाही म्हणतो. नंतर एकदा तो छातीवर हात दाबून कळवळतो. पुढे झटापटीत त्याचे हृदय बंद पडते. डॉक्टर विजेचे झटके देऊ लागतो आणि तेव्हा ती छाती जबड्यासारखी उघडते. म्हणजे तो माणूस नव्हता. मग छातीत कळ कोणाच्या आली होती? नक्कल इतकी चोख की मूळ माणसाचा हृदयविकारही तिच्यात उतरला असावा. आणि अधिकार नाकारला तो नॉरिसच्या प्रामाणिकपणाने की त्या जीवाच्या धूर्तपणाने? मी ते दोन प्रसंग पुन्हा लावून पाहिले. चार्ल्स हॅलहन या नटाच्या चेहऱ्यावर उत्तर नाही, आणि मला वाटते ते नसणे हीच त्याची कामगिरी आहे.

कुत्र्याची कामगिरी तर सर्वांहून वरचढ. जेड नावाच्या या कुत्र्यात लांडग्याचा अंश होता. तळावर आल्यावर तो भुंकत नाही, शेपूट हलवत नाही, खायला मागत नाही. तो मार्गिकेतून सावकाश चालत येतो, एका खोलीच्या दाराशी थांबतो, आत डोकावतो. आत भिंतीवर एका माणसाची सावली आहे. सावलीची मान वळते. दृश्य संपते. तो माणूस कोण हे चित्रपट कधीही सांगत नाही. छायालेखक डीन कंडी यांनी रुंद चौकटीत या मार्गिका अशा टिपल्या आहेत की माणूस एका टोकाला आणि उरलेली चौकट रिकामी. एन्यो मोरिकोने यांचे संगीतही इथे जवळपास एका ठोक्यावर आले आहे. सगळ्या चित्रपटात मला खरी भीती वाटली ती इथे. तोवर रक्ताचा थेंबही कुत्र्याच्या वाट्याला आलेला नव्हता.

रॉब बॉटिन यांच्या करामतींविषयी मात्र मला रसिकांइतका उमाळा नाही. विशीतल्या तरुणाने रबर, रसायने आणि दोऱ्यांच्या जोरावर हे उभे केले, आणि आजच्या संगणकीय राक्षसांपुढे त्याला वजन आहे, ओल आहे, हे मान्य. पहिल्या दोन वेळा, म्हणजे कुत्र्यांच्या पिंजऱ्यात आणि नॉरिसच्या वेळी, त्याला अर्थही आहे. तो जीव फुटतो तेव्हा आजवर ज्यांना ज्यांना गिळले त्यांचे अवयव बाहेर येतात. त्याने ज्यांची साक्ष मिटवली त्यांची नोंद त्याच्याच अंगावर आहे. शेवटचा अवाढव्य अवतार मात्र नुसता मोठा आहे. ब्लेअरने कोठडीखाली भुयार खणून हेलिकॉप्टरच्या सुट्या भागांतून यान बांधत बसणे ही तर कॅम्पबेल यांच्या कथेतली शिल्लक. ती इथे गळून पडली असती तर बरे झाले असते.

पात्रे पातळ आहेत, एकातून दुसरा वेगळा काढता येत नाही, ही तक्रार तेव्हाच्या समीक्षकांनी केली होती. पहिल्या अर्ध्या तासात मलाही दाढीवाला कोणता आणि टोपीवाला कोणता याचा हिशेब ठेवावा लागला. ही तक्रार निम्मी खरी आहे. ज्या चित्रपटात माणूस बदलला की नाही हे ओळखायचे, तिथे तो आधी कसा होता हे आपल्याला पुरेसे कळलेले नसते. पण त्यामुळेच आपण त्या तळावरच्या माणसांच्या पातळीवर येतो. तीही एकमेकांना फारशी ओळखत नाहीत. बाई एकही नाही. ऐकू येणारा एक बाईचा आवाज बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राचा. डाव हरल्यावर मॅक्रेडी त्याच्यात व्हिस्की ओततो. आपल्या नायकाची ही पहिली ओळख. हरल्यावर पट उधळणारा माणूस चित्रपटाने नायक म्हणून निवडला आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता क्लार्ककडे येतो, कारण माझ्या मते चित्रपटाचा सांधा तिथे आहे. क्लार्क कुत्र्यांची निगा राखणारा. त्या नव्या कुत्र्याबरोबर सर्वांत जास्त वेळ तो होता. रेडिओ फोडल्यावर ब्लेअरला बाहेरच्या कोठडीत कोंडतात तेव्हा तो मॅक्रेडीला बजावतो की क्लार्कवर लक्ष ठेव, बारीक लक्ष ठेव. ही भाषा मॅक्रेडीला समजते. इशारा त्याच्या डोक्यात बसतो. पुढे क्लार्क हातात शस्त्र घेऊन मागून येतो तेव्हा मॅक्रेडी क्षणाचाही विलंब न लावता त्याच्या कपाळात गोळी घालतो. मग चाचणीत मेलेल्या क्लार्कचे रक्त तपासले जाते. तार चर्र करते, रक्त तसेच राहते. तो माणूस होता. म्हणजे मॅक्रेडी खुनी ठरतो, आणि चाइल्ड्स हे त्याच्या तोंडावर म्हणतो.

पहिला इशारा अनोळखी भाषेत आला, खरा होता आणि देणाऱ्याला मारण्यात आले. दुसरा आपल्या भाषेत, आपल्या माणसाने दिला, तो ऐकला गेला आणि त्यातून एक निरपराध मेला. या दोन प्रसंगांचा जोड मी कुठे वाचला नव्हता, आणि पाहतानाही तो लगेच ध्यानात आला नाही. झोपायच्या आधी आला. भाषा समजणे आणि बोलणाऱ्यावर भरवसा ठेवता येणे या दोन गोष्टी एरवी आपण एकत्रच धरतो. आपल्या भाषेत बोलणारा आपला, हे तर आपल्याकडे जवळपास धोरणच झाले आहे.

कोठडीतला ब्लेअर नंतर एकदा खिडकीतून दिसतो. शांत झालेला, विनवण्या करणारा : मी आता बरा आहे, मला आत घ्या. त्याच्या डोक्यामागे छताला गळफास टांगलेला आहे. तो फास ब्लेअरने आत्महत्येसाठी बांधला होता आणि तो अजून माणूस आहे, की फास ही माणसाची खूण म्हणून ठेवलेली वस्तू आहे? मॅक्रेडी त्याला आत घेत नाही. बाहेर पडलेली माणसे पुढे जगाशी बोलायचा आणखी एक प्रयत्न करतात : मॅक्रेडी रात्री एकटा बसून ध्वनिफितीवर हकिकत बोलून ठेवतो आणि ती लपवतो. एकमेकांवर कोणाचा विश्वास उरला नाही आणि सगळे थकले आहेत, असे तो त्या यंत्राला सांगतो. ही फीत चित्रपटात कोणीही ऐकत नाही. नॉर्वेच्या जळक्या तळावरूनही कागद आणि व्हिडिओ टेप आणलेल्या असतातच. तिथेही कोणीतरी अशीच नोंद करून ठेवली होती. जाता जाता सांगायचे तर, तो जळका नॉर्वेजियन तळ म्हणजे अमेरिकन तळाचाच जाळून उरलेला सांगाडा. शेवट चित्रित झाल्यावर त्याच अवशेषांत ही आधीची दृश्ये घेतली. काटकसर म्हणून केले असेल, पण पडद्यावर ही माणसे त्यांचेच भविष्य विजेरी घेऊन पाहत हिंडतात.

रक्ताच्या चाचणीचा प्रसंग यानंतर येतो, आणि त्याची कीर्ती खरी आहे. मॅक्रेडीचा तर्क आधी ऐकण्यासारखा आहे. तुम्ही सगळेच 'ते' असता तर आत्ताच माझ्यावर झडप घातली असती. त्या अर्थी अजून काही जण माणसे आहेत. साक्ष उपयोगाची नाही म्हटल्यावर तो शांततेवरून अनुमान काढतो. मग सगळ्यांना खुर्च्यांना बांधून, अंगठा कापून, काचेच्या बशांत रक्त. त्या जीवाचा प्रत्येक थेंब स्वतंत्र प्राणी आहे, तो स्वतःचा जीव वाचवायला पळेल. माणसाचे रक्त मात्र मुकाट भाजते. माणूसपणाचा पुरावा एवढाच की आपला थेंब आपल्यासाठी लढत नाही. गॅरीवर आपला डाव येईल असे वाटत असताना पामरच्या बशीतून किंकाळी उठते. पामर, जो थोड्याच वेळापूर्वी पळत्या मुंडक्याकडे बघून सगळ्यांच्या मनातले अविश्वासाचे वाक्य बोलला होता. प्रेक्षकांना सर्वांत माणसासारखा वाटलेला उद्गार त्याच्या तोंडचा होता.

हा चित्रपट पुढे एड्सच्या संदर्भात वाचला गेला; १९८२मध्ये त्या रोगाला नुकते नाव मिळत होते. मी तो करोनानंतर पाहिला. तेव्हा काही दिवस आमच्या इमारतीच्या फाटकावर वीस वर्षे ओळखणारा रखवालदार चाचणीचा कागद पाहिल्याशिवाय आत सोडत नसे, आणि त्याचे वागणे नियमाला धरूनच होते. 'मला काही झालेले नाही' हे वाक्य त्या काळात कोणाच्याही तोंडी निरुपयोगी झाले होते. मात्र रूपकांत मी फार रमणार नाही. चित्रपट कोणत्याही एका रोगाविषयी नाही, आणि रोग्यावर जिवंतपणी 'हा तो उरलेला नाही' असा शिक्का मारणे हे तर त्यातले सर्वांत धोक्याचे वाचन होईल.

प्रदर्शनाच्या वेळी त्याची दैना झाली. दोन आठवडे आधी, ११ जूनला स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा 'ई.टी.' आला होता आणि परग्रहावरचा पाहुणा सायकलच्या टोपलीत बसून घराघरांत गेला होता. 'ब्लेड रनर' नेमका त्याच दिवशी लागला. माणूस आणि माणसाची प्रत यांतला फरक चाचणीने शोधणारे दोन चित्रपट एकाच शुक्रवारी आले आणि दोन्ही पडले, हे त्या उन्हाळ्याचे वैशिष्ट्य. मोरिकोने यांच्या संगीताला तर वर्षातले वाईट संगीत म्हणून 'रॅझी'चे नामांकन मिळाले. त्यांनी या चित्रपटासाठी रचून न वापरलेले काही भाग क्वेंटिन टॅरँटिनो यांनी 'द हेटफुल एट'मध्ये घेतले, आणि त्या चित्रपटाच्या संगीताला २०१६ साली ऑस्कर मिळाले. त्यातही बर्फ, एक बंद खोली, परस्परांवर संशय घेणारी माणसे आणि कर्ट रसेल आहेत.

अपयशाचे कारण म्हणून 'ई.टी.'चे नाव सगळेच घेतात. मला ते अपुरे वाटते. प्रेक्षकाला भयपटात मरण चालते, किळसही चालते. शेवटी कोण जिंकले हे मात्र कळावे लागते. इथे ते कळत नाही. तळ जळतो आहे. मॅक्रेडी एकटा बसला आहे. अंधारातून चाइल्ड्स येतो. मधल्या वेळात तू कुठे होतास, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर आहे. पण उत्तर देणे आता कोणाच्याच उपयोगाचे नाही. आग विझली की थंडी दोघांनाही मारणार. मॅक्रेडी बाटली पुढे करतो, चाइल्ड्स घोट घेतो.

त्या दोघांपैकी कोण माणूस यावर चाळीस वर्षे वाद चालू आहे. चाइल्ड्सच्या तोंडून वाफ निघते का, बाटलीत दारूच होती का, हे चौकट-चौकट थांबवून तपासणारे रसिक आहेत. त्यांची चिकाटी मी समजू शकतो. त्यांना तापलेली तार हवी आहे. ती तार तयारही होती. संकलक टॉड रॅमसे यांच्या सूचनेवरून कार्पेंटर यांनी आणखी एक शेवट चित्रित करून ठेवला होता : मॅक्रेडीची सुटका झाली आहे, त्याच्या रक्ताची चाचणी होते आणि तो माणूस ठरतो. स्टुडिओने आग्रह धरलाच तर हाताशी असावा म्हणून. कार्पेंटर यांनी तो चित्रपटात घेतला नाही.